उबेची जागा

"या वेळी पुढे मी बसणार!"

"पुढे बसून गेल्या वर्षी काय दिवे लावलेस ते माहीत आहे, दोग्योम! सरळ कोबीच्या खड्ड्यात!"

"ताई, तेव्हा मी लहान होतो!"

"आणि आता काय मिशा फुटल्या?"

खताच्या रिकाम्या पोत्यात पेंढा कोंबता कोंबता सेबोम हसली. पेंढा भरलेल्या पोत्यावर बसून टेकडीवरून घसरायचं, हा हिवाळ्याच्या सुट्टीतला पहिला कार्यक्रम. सेबोम बारा वर्षांची, दोग्योम दहाचा. दोलगोगे, म्हणजे 'दगडी खिंड' नावाच्या या कोरियन गावात शाळेत जाणारी मुलं म्हणाल तर एवढीच. तिसरा तेओ, सेबोमचा चुलतभाऊ. तो कालच राजधानी सोलहून आजीकडे आला होता आणि आल्यापासून "इथे इंटरनेट किती हळू आहे!" एवढंच बोलत होता.

आजीकडे आला म्हणजे खरं तर गावच्या हॉलमध्ये आला. सेबोम आजीजवळच राहायची, तिचे बाबा शहरात कामाला होते; पण आजीच्या घरची जमीन तापवणारा बॉयलर थंडीने फुटला होता आणि दुरुस्तीवाला नवीन वर्षाचा सण झाल्याशिवाय फिरकणार नव्हता. हॉलची जमीन मात्र खालून तापलेली असायची. खिडक्यांना फुगेवाला प्लास्टिक कागद, दाराला जाड पडदा. गावातल्या सगळ्या आज्या सकाळपासून तिथेच. एकत्र जेवायच्या, फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळायच्या, भांडायच्या आणि पुन्हा खेळायच्या. सेबोम, तेओ, आजी आणि नारूची आजी तर रात्रीही तिथेच झोपत.

टीं! टीं! टीं!

"भात झाला गं!" नारूची आजी पत्ते टाकून उठली. तिने कुकरचं झाकण उघडलं. "अगं बाई, तांदूळ तर कच्चेच आहेत! हा कुकरसुद्धा इजांगसारखा झाला. काम काही नाही, नुसता आवाज!"

सगळ्या आज्या खो खो हसल्या. इजांग म्हणजे गावचा कारभारी. त्याच्या कर्ण्याला सगळं गाव कंटाळलेलं होतं.

टीं! टीं! टीं!

"कुकर नाही, आजी, माझी डबी वाजतेय!" तेओने कोपऱ्यातल्या पिशवीतून चहाच्या पेल्याएवढी पांढरी डबी काढली. "आई मी झोपेन तिथे ही ठेवायला लावते. आमच्याकडे कधी वाजत नाही. खराब झाली वाटतं."

डबीवर लाल आकडा होता. अकराशे चाळीस.

"आणि किती असायला हवा?" सेबोमने विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीसच्या आत. त्याच्यावर गेलं की ओरडते."

"कोणाच्या नावाने ओरडते?"

"रेडॉनच्या. तो वायू असतो. दगडातून, जमिनीतून वर येतो. रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठत जातो."

"म्हणजे पादासारखा!" दोग्योमला भलताच आनंद झाला.

"पादाचा वास तरी येतो, शहाण्या! माणूस उठून खिडकी उघडतो. याचं काहीच कळत नाही. वर्षानुवर्षं छातीत जातो आणि मग..." तेओ थांबला. त्याने आजीकडे पाहिलं.

आजी भिंतीकडच्या कोपऱ्यात रजई ओढून पडली होती आणि खोकत होती. इथे आज्यांना माहेरच्या गावावरून ओळखत: ती नारूची, तशी ही बामगोलची आजी. तो कोपरा म्हणजे हॉलमधली उबेची जागा. तिथली जमीन सगळ्यांत जास्त तापायची. सगळ्यांत वडील, सगळ्यांत आजारी माणसाला ती द्यायची, ही गावची रीत. कोणाला सांगावं लागत नसे.

पानगळीच्या दिवसांत शहराच्या इस्पितळात आजीच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, "आजी, सिगारेट किती वर्षं ओढता?" आजीने उभ्या जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती. मग डॉक्टर बाबांना दाराबाहेर घेऊन गेले. दार नीट लागलं नव्हतं. या वयात कापाकापी नको, ते म्हणाले. ऊब द्या. वारा लागू देऊ नका. सेबोमने ते ऐकलं होतं आणि कोणालाही सांगितलं नव्हतं.

"तेओ," ती हळूच म्हणाली, "ती डबी आजीच्या उशाशी ठेव."

तासाभराने आकडा तेराशेच्या वर गेला होता.

सेबोमला एकदम आठवलं. आजीच्या आधी त्या जागेवर कामनेची आजी बसायची. ती असंच खोकत खोकत गेली. तिच्या आधी तिची थोरली जाऊ. तीही तशीच. दोघींनीही कधी सिगारेट ओढली नव्हती. थंडीचा खोकला, म्हातारपण, असं म्हणून सगळे गप्प बसले होते.

"आजीला इथून हलवायचं," ती म्हणाली. "काहीही करून!"

* * *

"काय म्हणालात? विष?" प्यो इजांगने हिरवी टोपी मागे सरकवली. "या हॉलमध्ये? अरे, ही पाटी बघा! वाचता येतं ना?"

दारावर सोनेरी चौकटीत पाटी होती: *स्वच्छ हवेचं गाव. रेडॉन अडतीस.*

"सरकारी यंत्राने मोजलंय! अडतीस! आणि तुम्ही बाजारातलं खेळणं घेऊन गावाची अब्रू काढताय?"

"पण काका, खोटं कसं असेल? आम्ही तीनदा..." सेबोम म्हणाली.

"गप्प! शाळा बंद झाली, बस बंद झाली. वसंतात शहरातली माणसं या हवेसाठी राहायला येतील, एवढी एकच आशा उरली आहे गावाला. हे बाहेर कळलं तर कुत्रं तरी येईल का इकडे?" त्याचा आवाज जरा चिरकला. मग त्याने डबी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. "सुट्टी संपली की मिळेल. म्हाताऱ्यांना घाबरवायचं नाही!"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इजांगचं साधं गणित होतं. माणूस वाईट नव्हता. कामनेची आजी गेली तेव्हा तिरडीला खांदा त्यानेच दिला होता. पण मूठ झाकून ठेवली की आत काय आहे ते आपल्यालाही दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार?

"अडतीस आणि तेराशे," तेओ बाहेर बर्फात पाय आपटत म्हणाला. "दोन्ही खरे असूच शकत नाहीत."

"का नाही?" सेबोम म्हणाली. "त्या दिवशी काहीतरी वेगळं असेल. ते मोजायला कधी आले होते?"

कोणालाच आठवेना. तिघं परत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. दोग्योम समोरचा मोठा फोटो बघत बसला. फोटोत सगळं गाव होतं. हिवाळ्याआधी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवसांतला फोटो. कोबीचे डोंगर, तिखटाने माखलेले लाल रबरी हातमोजे, मध्ये नारूची आजी कोणावर तरी ओरडते आहे.

"ही माझी आई," दोग्योम म्हणाला. त्याची आई व्हिएतनामहून लग्न होऊन इथे आली होती, आणि आता गावात सगळ्यांत झणझणीत किमची तिचीच. "आणि हा मी. रडतोय. कारण मी त्या यंत्राला कोबीचं पान घातलं टोपीसारखं, तर इजांग काकांनी टपली मारली!"

"कुठलं यंत्र?"

"हे काय, मागे! तीन पायांचं! कोण जाणे कशाचं होतं. दोन दिवस इथेच उभं होतं."

सेबोम आणि तेओ एकदम उठले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

फोटोत, किमचीच्या पिंपांमागे, तीन पायांवर एक यंत्र उभं होतं. आणि त्याच्यामागे हॉलची सगळी दारं, सगळ्या खिडक्या सताड उघड्या! उघड्या ठेवाव्याच लागतात. शेकडो कोबी, लसूण आणि मासळीचा खार बंद खोलीत कालवायला घेतला तर माणसं डोळे चोळत पळून जातील.

"त्यांनी हॉलची हवा मोजलीच नाही!" तेओ ओरडला. "त्यांनी डोंगरावरचा वारा मोजला!"

"शाबास दोग्योम!" सेबोमने त्याच्या पाठीत धपका घातला. "तुझ्या टपलीचं सोनं झालं!"

* * *

फोन सेबोमने केला. तालुक्याच्या कचेरीतल्या तपासनीस बाई आधी "मोठ्या माणसाला फोन दे बाळ" म्हणाल्या. मग तिने फोटो पाठवला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मंगळवारी येते. दोन दिवस यंत्र राहील. खोली आदल्या रात्रीपासून बंद हवी, हां! इजांगनाही कळवते."

त्यांनी कळवलं. आणि इजांगने नेहमीप्रमाणे निम्मंच ऐकलं. सोमवारी संध्याकाळी कर्णा गरजला.

"आ, आ! माइक टेस्टिंग! मंडळी, जेवलात का? उद्या कचेरीतून पाहुणे येताहेत! पहाटेच हॉलची दारं-खिडक्या उघडा! जमीन पुसा! कोंदट वास राहता कामा नये! गावाची लाज तुमच्या हाती!"

"झालं!" तेओ मटकन खाली बसला. "पुन्हा अडतीस."

"त्यांना जाऊन सांगू या?" दोग्योम म्हणाला.

"ऐकतील?" सेबोमने विचारलं. मग ती त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. "दोग्योम, तू मगाशी काकांची नक्कल करत होतास ना?"

"आ, आ! माइक टेस्टिंग!" दोग्योम नाकातून बोलला. हुबेहूब!

मंगळवारी भल्या पहाटे इजांग बाजाराच्या गावी पाहुण्यांसाठी फळं आणायला गेला. कर्ण्याचं यंत्र हॉलमागच्या कोठीतल्या कपाटात असायचं, आणि कपाटाची किल्ली कपाटावरच. गावात चोरायला येणार कोण?

"आ, आ! मंडळी, जेवलात का? इजांग बोलतोय! काल सांगितलं ते विसरा! बारीक धुळीचा इशारा आला आहे! भयंकर धूळ! दारं-खिडक्या कोणीही उघडायच्या नाहीत! फट दिसली तर चिंधी कोंबा! आणि... आणि मुलांना जास्त गृहपाठ देऊ नका!"

"तुला कोणी सांगितलं होतं हे शेवटचं?" सेबोमने माइक हिसकावला.

पण काम झालं होतं. धुळीचं नाव काढताच आज्यांनी पटापट सगळं बंद केलं. तपासनीस बाई आल्या, बंद खोली बघून खूश झाल्या, यंत्र मांडून गेल्या. पाठोपाठ इजांग फळं घेऊन हजर!

"हे काय? बंद का? उघडा, उघडा आधी!"

"खबरदार!" नारूची आजी दारात आडवी झाली. "सकाळी स्वतःच बोंबलून गेलास ना, धूळ आहे म्हणून? आणि आता उघडा? ही बामगोल खोकून खोकून अर्धी झाली, तिच्या छातीत धूळ घालतोस?"

"मी? मी कधी बोंबललो?"

"साऱ्या गावाने ऐकलं! सकाळी सकाळी प्यायलास की काय?"

कर्ण्यावर मी नव्हतोच म्हणावं, तर मग कपाटाची किल्ली कपाटावरच का ठेवली, हा प्रश्न येणार. इजांगने मुलांकडे पाहिलं. मुलं छताकडे बघत होती. तो पाय आपटत निघून गेला. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला आणि खरोखरच धूळ आली!

त्या दोन दिवसांत हसता हसता सेबोम मध्येच आजीकडे बघायची. खोली बंद ठेवायची म्हणजे आजीलाही त्याच खोलीत ठेवायचं होतं. "आजी, आपण दोग्योमकडे झोपू या का?" तिने विचारून पाहिलं. आजी म्हणाली, "माझी जागा सोडून मी कुठे जाऊ गं? इथे चार माणसं आहेत." सेबोम तिचा हात धरून झोपली, पण झोप काही आली नाही.

* * *

तपासनीस बाईंनी यंत्राचा आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"बाराशे साठ," त्या म्हणाल्या. "चूक आमची आहे. मागच्या वेळी यंत्र ठेवून आम्ही निघून गेलो. आत काय चाललंय ते बघायला थांबलोच नाही."

पत्ते थांबले. कुकर मात्र नेमका तेव्हाच वाजला, आणि भात झाला, असं कोणीही म्हणालं नाही.

इजांग पाटीखाली उभा होता. त्याने हात वर करून सोनेरी चौकट खाली काढली. मग तो मुलांसमोर आला आणि टोपी काढून वाकला. मोठ्या माणसासमोर वाकतात तसा. "मला मोजायचं नव्हतंच," तो म्हणाला. "मला फक्त पाटी हवी होती." त्याने खिशातून डबी काढून तेओच्या हातावर ठेवली. आज्यांनी टाळ्या वाजवल्या. नारूच्या आजीने तिघांना तांदळाच्या वड्या भरवल्या आणि दोग्योमचा कान पिळून विचारलं, "गृहपाठ नको का रे, इजांगसाहेब?"

तो दिवस फार छान होता. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण हॉलच्या दाराला पिवळी पट्टी लागली. जमिनीखालची हवा बाहेर ओढणारा पंखा बसवेपर्यंत आत जायला बंदी. पंखा कधी? पुढच्या वर्षीच्या खर्चात बसला तर, बाई खाली बघून म्हणाल्या. आज्या आपापल्या उशा आणि वाट्या घेऊन एकेकट्या आपापल्या थंड घरी गेल्या. नारूची आजी पत्त्यांचा जोड छातीशी धरून बर्फातून चालली होती. एकटीने पत्ते कसे खेळणार? सेबोमला तिच्याकडे बघवेना.

इजांगने बाजाराच्या गावाहून दुरुस्तीवाल्याला अक्षरशः ओढून आणलं. आजीचा बॉयलर सुरू झाला आणि आजी, सेबोम, तेओ घरी आली.

"घर ते घर!" आजी हात फिरवत म्हणाली. आजोबांनी डोंगरातला दगड फोडून पाया घातलेलं घर. आणि दोन वर्षांपूर्वी बाबांनी सुट्टी घेऊन स्वतः बसवलेल्या नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या. आजीला त्यांचा कोण अभिमान! "माझ्या लेकाने अशा बसवल्यात की वाऱ्यालासुद्धा आत यायचं तर माझी परवानगी घ्यावी लागते," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

सेबोमने आजीचं अंथरूण घातलं. भिंतीकडे, जिथे जमीन सगळ्यांत तापते तिथे. हात आपोआप तिकडेच गेले. उशाशी तेओने सवयीने डबी ठेवली. "आता नाही ओरडणार," तो म्हणाला.

सकाळी डबी ओरडत होती.

तेओने ती उचलली, हलवली, बंद करून चालू केली. "खराब झाली आहे," तो म्हणाला. "सेबोम, नक्की खराब झाली आहे. काकांच्या खिशात राहून राहून..." आणि तो रडायला लागला.

सतराशे दहा.

सेबोमने आकडा एकदाच वाचला. तिला सगळं एकदम समजलं आणि समजायला नको होतं असं वाटलं. दगड तोच. हॉलच्या खालचा, घराच्या खालचा, गावाच्या नावातलासुद्धा. आजोबांनी हौसेने फोडून घराच्या पायाभरणीत घातलेला. आणि बाबांच्या खिडक्या हॉलच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी चांगल्या बसल्या होत्या. आजीला तिने आगीतून काढलं होतं आणि फुफाट्यात आणून झोपवलं होतं, तेही सगळ्यांत उबेच्या जागी.

तिने जाऊन खिडकी उघडली. बर्फाळ वारा आत घुसला. डबीचा आकडा उतरायला वेळ लागणार होता, पण आजीला खोकला लगेच आला. एवढा की ती उठून बसली आणि तिचे ओठ निळे पडले.

"अगं, लाव ती!" ती धापा टाकत म्हणाली. "तुझ्या बाबाने किती कष्टाने बसवली आहे!"

"आजी, बंद ठेवली तर..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"सगळं. इस्पितळातलं ते दार काय फक्त तुझ्यासाठीच अर्धवट राहिलं होतं?" आजी हसली. "मलाही ऐकू येतं अजून. तू फार चांगलं काम केलंस, बाळा. नारू अजून धडधाकट आहे. तिच्यासाठी केलंस. माझ्यासाठी उशीर झाला होता, त्याला तू काय करणार? आणि बाबाला या आकड्याचं काही बोलायचं नाही. त्याच्या खिडक्या आहेत त्या."

सेबोमने खिडकी लावली. मग थोडी उघडली. मग पुन्हा लावली. उघडली की आजी खोकायची आणि लावली की डबी टीं टीं करायची. तेओने डबी रजईत गुंडाळली, तरी आतून आवाज येतच राहिला.

बाहेर कर्णा खरखरला.

"आ, आ! माइक टेस्टिंग! मंडळी, जेवलात का? आज मला आपल्या गावाच्या तीन मुलांचं कौतुक करायचं आहे. त्यांच्यामुळे आपल्या बामगोलच्या आजीचा आणि सगळ्यांचा जीव वाचला! सगळ्यांनी आपापल्या घरून एकदा जोरात टाळ्या वाजवा!"

आजीने रजईतून हात बाहेर काढले आणि टाळ्या वाजवल्या. सेबोम खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी होती. तो हात तिला काढता येईना.